‘माझी आई अशी नव्हती’

वडोदऱ्यातल्या एका वाचक बाईंचा प्रश्न, थोडक्यात असा:

‘माझं वय ४४. माहेर, सासर दोन्ही इथलंच. मुलगा १३ वर्षांचा, इंग्रजी माध्यमात शिकतो. त्याला मराठी वाचायची गोडी लागावी म्हणून या सुट्टीत रोज रात्री “श्यामची आई” मोठ्यानं वाचायला घेतली. वाटलं होतं, मी रडेन. झालं उलटंच, दिवसेंदिवस राग येत गेला. माझी आई कडक होती, बोलायला तिखट. तिनं जवळ घेतल्याचं आठवत नाही. मी १७ वर्षांची असताना, बारावीची परीक्षा चालू असतानाच, ती कॅन्सरनं गेली. अभ्यासाला शांतता हवी म्हणून मला कारेलीबागेत मावशीकडे ठेवलं होतं. आई गेल्याचं शेवटचा पेपर होईपर्यंत कुणी सांगितलं नाही. घरी पोचले तोवर बेसणंसुद्धा, म्हणजे लोक दुखवट्याला येऊन बसतात तेही, होऊन गेलं होतं. त्या रात्री वाचता वाचता “भस्ममय मूर्ती”पर्यंत आलो आणि मी पुस्तक भिरकावलं. मुलानं विचारलं, “मम्मी, तुझी मम्मी पण अशीच होती ने?” मी म्हटलं, “नव्हती. माझी आई अशी नव्हती.” बाबा आमच्याकडेच असतात, ७४ वर्षांचे आहेत. ते आतून म्हणाले, “गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये.” आठ दिवस झाले, घरात त्या पुस्तकाचं नाव कुणी काढलेलं नाही. हॉलमध्ये आईचा हार घातलेला फोटो आहे. बेसण्याच्या जाहिरातीसाठी कुठल्याशा ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला. कडेला कुणाचा तरी खांदा दिसतो. मी त्याच्याकडे बघायचं टाळते. मी कृतघ्न आहे का? पुस्तक पुरं वाचू का? मुलाला आजीबद्दल काय सांगू?’

उत्तर:

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

समुपदेशनाचं काम सुरू करून मला तीन-चार वर्षं झाली होती. आई गेलेला एक पंधरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे यायचा. (त्याची ओळख पटेल असे तपशील गाळलेत.) बोलायचा अगदी कमी. मी मोठ्या विश्वासानं त्याला ‘श्यामची आई’ वाचायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यानं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, ‘हा मुलगा फार चांगला आहे. मी नव्हतो.’ नंतर दोनदा आला, मग यायचा बंद झाला. मी रुमाल समजून त्याच्या हातात फूटपट्टी दिली होती, हे माझ्या लक्षात यायला बराच काळ गेला. त्यानं त्या पट्टीनं स्वतःला मोजलं. तुम्ही आईला मोजलंत. दोघंही कमी भरलात.

म्हणून आधी त्या पट्टीबद्दलच बोलते.

हे पुस्तक लहानपणापासून इतकं कानावर पडलेलं असतं की ते कुणी, कधी, कुठे बसून लिहिलं याचा आपल्याला विसर पडतो. साने गुरुजींची आई १९१७ च्या नोव्हेंबरात गेली. गुरुजी तेव्हा १७ वर्षांचे होते. (तुमचंही वय तेवढंच होतं. पत्र लिहिताना हे लक्षात आलं होतं का?) पुस्तक लिहून झालं १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, ९ ते १३ तारखेच्या पाच दिवसांत. मधे पंधरा वर्षं गेलेली. म्हणजे हे आईचं चरित्र नाही. आईच्या शेवटच्या क्षणी जो मुलगा जवळ नव्हता, तो तेहतीस वर्षांचा झाल्यावर कोठडीत बसून तिची आठवण लिहून काढतोय, असं ते पुस्तक आहे. ज्याला माफी मागायची आहे आणि जिच्याकडे माफी मागायची तीच उरलेली नाही, अशा माणसाचं लिहिणं. त्यात आई उजळून निघणारच.

आपल्याकडे माणूस गेलं की आधी त्याचे कपडे वाटून टाकतात आणि मग त्याचे दोष. तेराव्यापर्यंत घरात कुणी वावगं बोलत नाही, ते ठीकच आहे, तेवढा आडोसा लागतो. पण काही घरांत तो तेरावा दिवस संपतच नाही. तुमच्या बाबांचं ते वाक्य मला २७ वर्षं लांबलेल्या तेराव्यासारखं वाटलं.

आता गंमत बघा. पुस्तकातली आई आपल्याला आठवते तितकी मऊ नाहीच. पोहायला शिकायला जायला नको म्हणून श्याम लपून बसतो ती रात्र तुम्ही मुलाला वाचून दाखवलीच असेल. ती आई त्याला शोधून काढते आणि शिंपटीनं झोडपते. वळ उठतात. तो पाण्यात उतरून येतो, मग ती त्या वळांना तेल लावते. लोकांनी तिच्या मुलाला भित्रा म्हटलेलं तिला चालणार नसतं. आजच्या समुपदेशकानं या प्रसंगावर काय म्हणावं हा वेगळा विषय (मी मुलांना मारण्याच्या पूर्ण विरोधात आहे आणि तेल लावल्यानं मारलेलं पुसलं जात नाही). पण ही बाई कडक आहे. हट्टी आहे. कर्जापायी घराची अब्रू वेशीवर टांगली जाते तेव्हा ती कोसळते. आपल्या डोक्यात बसलेली आई निम्मी पुस्तकातली आणि निम्मी बाहेरून आलेली आहे. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, तो त्यात आहे. शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धा आहेत. आपल्या वडोदऱ्यात तर यशवंतांची ‘आई’ ही कवितासुद्धा घरचीच, कारण ते बडोदे संस्थानचे राजकवी. माझ्या पिढीतल्या कुणालाही ती अर्धीमुर्धी तरी पाठ असायची. या सगळ्यांनी मिळून मराठी घरात एक आई उभी करून ठेवली आहे. ती कधी थकत नाही, तिला कधी स्वतःसाठी काही नको असतं. खरं सांगायचं तर या मूर्तीनं आपल्या बायकांचं बरंच नुकसान केलंय. सहन करणं म्हणजेच मोठेपण, हे तिच्याच नावावर खपवलं गेलं. यात पुस्तकाचा दोष थोडा, आपण त्याचं जे केलं त्याचा जास्त.

हे पुस्तक मी स्वतः पहिल्यांदा मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीतून आणलं होतं. दहा-अकरा वर्षांची असेन. तिथल्या काचेच्या फरश्यांवरून चालायला मला भीती वाटायची, खालच्या मजल्यावरच्या माणसांच्या सावल्या दिसायच्या. घरी येऊन ओट्याखाली बसून वाचलं आणि हुंदके देऊन रडले. माझी आई म्हणाली, ‘वाचून झालं असेल तर भांडी विसळ.’ तेव्हा मला वाटलं होतं, केवढी कठोर बाई! आज ती नाही, आणि मला तिचं हेच वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. असो. उत्तर माझ्या आईबद्दलचं नाही.

तुमचा राग. तुम्ही लिहिलंय की राग दिवसेंदिवस वाढत गेला. पण पुस्तक भिरकावलं कुठल्या रात्री? आई फुलांबद्दल बोलते तेव्हा नाही, देवाधर्माच्या गोष्टी येतात तेव्हाही नाही. श्याम घरी पोचतो आणि आई उरलेली नसते, राख असते, तिथे. तुमची आई श्यामच्या आईसारखी नव्हती, हे खरं असेल. पण त्या रात्री तुम्ही आईला मोजत नव्हता असं मला वाटतं. तुमच्यासमोर तुमचीच गोष्ट आली होती, आणि ती मुलाला मोठ्यानं वाचून दाखवायची पाळी तुमच्यावर आली होती.

श्याम निदान दूर होता. त्या काळात पालगडला, त्याच्या गावी, पोचायचं तर दिवस मोडायचे. तुम्ही कारेलीबागेत होता. घर ते मावशीचं घर, रिक्षानं वीस मिनिटं. घरात सुतक होतं आणि तुम्ही पेपर लिहीत होता. पांढऱ्या चादरी अंथरून लोक बेसण्याला येऊन बसत होते, आणि तुम्हाला मावशी वेळेवर जेवायला वाढत होती, कदाचित नेहमीपेक्षा जास्तच प्रेमानं. हे नंतर कळल्यावर त्या प्रेमाचं काय करायचं? जेवण वाढणाऱ्या हातावर रागावताही येत नाही.

असं का करतात, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय आणि त्यामागे दुष्टपणा मला कुठे सापडलेला नाही. घरातलं एक गेलंय, दुसरं वाचवायचंय, असा तो हिशेब असतो. मुलीचं वर्ष वाया जाऊ नये. आईचीही तीच इच्छा असती, असं कुणीतरी म्हणतं आणि मग विषय संपतो. तो निर्णय बहुधा पाच मिनिटांत, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, तीन-चार पुरुष आणि एक मावशी यांच्यात होतो. किंमत जो तिथे नव्हता त्यानं भरायची. सुतक, दहावा, तेरावा यांबद्दल कुणाचं काय मत असेल ते असो, त्या दिवसांचं एक काम असतं. जे झालं ते झालं, हे शरीराला पटवायचं. डोळ्यांनी बघायचं, हातांनी काहीतरी करायचं, चार लोकांत बसायचं. यातलं एकही तुमच्या वाट्याला आलं नाही. तुम्हाला बातमी मिळाली, आई गेलेली मिळाली नाही.

त्यात आईशी तुमचं भांडण मिटलेलं नव्हतं. सतराव्या वर्षी कुणाचंच मिटलेलं नसतं. त्या वयात आई आवडायची नसतेच. तिच्यापासून लांब जायचं असतं. आई जगली तर पंचविशी-तिशीत, बहुतेक स्वतःचं मूल झाल्यावर, मुलगी परत येते आणि मग दोन बायकांसारख्या त्या दोघी बोलायला लागतात. तुमची परत येण्याची पाळी आलीच नाही. तुमच्या आठवणीत आई सतरा वर्षांच्या मुलीला दिसायची तशीच राहिली, ओरडणारी. चाळीस-बेचाळीसची एक आजारी बाई मुलीच्या परीक्षेच्या वेळी का ओरडत असेल, हे ओळखायला आज तुम्ही त्या वयाच्या आहात. मी तिचं समर्थन करत नाही. ती खरोखर तिखट असेल आणि तुम्हाला त्याचा खरोखर त्रास झाला असेल. दोन्ही राहू द्या.

तेव्हा कृतघ्न वगैरे काही नाही. या प्रश्नाला याहून जास्त वेळ द्यावा असं मला वाटत नाही.

मधे एक गोष्ट सांगून टाकते, कारण हल्ली मोबाईलवर ती सगळ्यांना सापडते. ‘शोकाच्या पाच पायऱ्या’ म्हणून जे फिरतं, नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार, ते एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातलं. ते काम होतं स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यावर. मागे राहिलेल्यांनी त्या पायऱ्या क्रमानं चढायच्या असतात, असं मानायला आधार नाही. त्यामुळे ‘मी २७ वर्षांनी रागाच्याच पायरीवर कशी?’ असा प्रश्न पडला असेल तर सोडून द्या. मला स्वतःला कामात उपयोगी पडतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र. माणूस दुःखाकडे जातो, मग संसाराकडे वळतो, पुन्हा दुःखाकडे, असा झोका चालू असतो. दोन्हीकडे जाता यायला हवं. तुम्हाला त्या वेळी झोपाळ्याच्या एकाच बाजूला बसवलं गेलं: पेपर, मग ॲडमिशन, मग नोकरी, लग्न, मूल. दुसरीकडचा हेलकावा आता आलाय, सुट्टीत, रात्री साडेनऊला, मुलाच्या शेजारी बसून वाचताना.

आता मुलाचं. तेरा वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे काय हे पक्कं कळतं. ते परत फिरत नाही, सगळ्यांना येतं, हे मुलांना साधारण सात वर्षांच्या आसपासच उमगलेलं असतं. त्याला कळत नाहीये ते वेगळं आहे. आईनं पुस्तक फेकलं, आजोबा रागावले आणि मग सगळे गप्प झाले. या वयात मुलं अशा गप्पपणाचा अर्थ स्वतःवर ओढून घेतात. ‘मी काहीतरी चुकीचं विचारलं.’ म्हणून पहिलं वाक्य आजीबद्दलचं नको. ‘तू विचारलंस ते बरोबर होतं, मी रागावले ते तुझ्यावर नाही’, हे आधी. ते आजच सांगा, हे उत्तर वाचून झाल्यावर.

आजीबद्दल सांगताना विशेषणं टाळा. ‘कडक होती पण प्रेमळ होती’ या वाक्यात मुलाच्या हाती काही लागत नाही. तो ‘पण’ फार लबाड शब्द आहे, पुढचं आलं की मागचं पुसतो. त्यापेक्षा ती काय करायची ते सांगा. चहात साखर किती घालायची. रिक्षावाल्याशी गुजरातीत भांडायची का मराठीत? सेव-उसळ खायची की बाहेरचं खाणं तिला चालायचं नाही? नवरात्रात गरब्याला जायची का? तुम्हाला कुठल्या गोष्टीवरून मार पडला? हेही सांगा, लपवू नका, फक्त ते सांगताना मुलाचा चेहरा बघून थांबा. आणि माहीत नसेल तिथे ‘मला माहीत नाही, मी १७ वर्षांची होते’ असं सरळ म्हणा. मुलं एवढं समजून घेतात. त्यांना खटकतं ते मोठ्यांचं गुळमुळीत बोलणं.

रावपुऱ्यातला घड्याळाचा टॉवर रोजच्या जाण्यायेण्यात असेल. ‘टॉवरपाशी थांबते’ असं आपण हजार वेळा म्हणतो. तो आहे चिमणाबाईंचा टॉवर, सयाजीराव महाराजांच्या पहिल्या पत्नीच्या आठवणीत १८९६ मध्ये बांधलेला. त्या तंजावरच्या, १८८५ मध्ये ऐन तारुण्यात गेल्या. महाराजांनी पुढे ज्यांच्याशी लग्न केलं त्या देवासच्या घाटग्यांच्या गजराबाई, पण त्यांचंही नाव ठेवलं गेलं चिमणाबाईच. टॉवर आहे, नाव आहे, दोनदा आहे, आणि ती पहिली मुलगी कशाला हसायची हे शहरात कुणालाही सांगता येणार नाही. हार घातलेल्या फोटोचं असंच होतं. त्याच्याकडे तुम्ही बघत नाही, यात नवल नाही. त्यात बघण्यासारखं कुणी ठेवलेलंच नाही.

आणि बाबा.

खरं तर तुमच्या पत्रात मी सगळ्यात जास्त थांबले ते त्यांच्यापाशी. तो निर्णय ज्यांनी घेतला त्यांतले ते एक असणार, कदाचित मुख्य. त्यांची बायको गेली त्या दिवशी त्यांनी मुलीला फोन केला नाही, आणि पुढे किती दिवस, तुम्ही पेपर देत असताना, ते कुणाच्या तरी हातून तुम्हाला डबा-पुस्तकं पाठवत राहिले असतील. २७ वर्षांत तुम्ही दोघांनी याबद्दल एकदाही बोलला नसाल, असं मी पैजेवर सांगते. तेव्हा ‘गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये’ हे वाक्य आईच्या बाजूनं आलेलं असेलच असं नाही. तुम्ही आईबद्दल बोलायला लागलात की पुढचं वाक्य त्या दिवसाबद्दलचं असेल, ही भीतीही त्यामागे असू शकते.

त्यांना ‘का’ विचारू नका. ‘मला का नाही सांगितलंत?’ या प्रश्नाला म्हाताऱ्या माणसाकडे दोनच उत्तरं असतात, ‘तुझ्याच भल्यासाठी’ नाहीतर रडू, आणि दोन्हींनंतर बोलणं संपतं. ‘कसं’ विचारा. किती वाजता गेली? तिच्याजवळ कोण होतं? डॉक्टर काय म्हणाले? तुम्ही त्या रात्री जेवलात का? स्मशानात कोण कोण आलं होतं, पाऊस होता की ऊन, अस्थी कुठे सोडल्या? मी हे वर्षानुवर्षं बघत आले आहे. ‘का’नं माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो, ‘कसं’नं त्याला आठवायला लागतं. आणि आठवता आठवता तुम्ही न विचारलेलंही तो सांगून जातो. एका बैठकीत सगळं काढू नका. संध्याकाळी सूरसागर तलावाला चक्कर मारायला जात असतील तर सोबत जा. शेजारी शेजारी चालताना समोरासमोर बसल्यापेक्षा बोलणं सोपं जातं, डोळ्यांत बघावं लागत नाही. मुलाला पहिल्या दिवशी नेऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी न्या.

ते बोललेच नाहीत तर? तसंही होतं. काही माणसं नाही बोलत. मग मावशी असेल तर मावशी, त्या काळचे शेजारी, आईची एखादी मैत्रीण. तुम्हाला तो दिवस हवा आहे, तो कुणाकडून मिळाला याला तितकं महत्त्व नाही.

पुस्तक पुरं करावं का? करावं, पण आता लगेच नाही, आणि शेवटच्या रात्री तर मुलाशी हे सगळं बोलून झाल्याशिवाय नकोतच. त्या पुस्तकाची बांधणीच तुम्हाला उपयोगी आहे. प्रकरणं नाहीत, ४२ रात्री आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या सोबत्यांना रोज थोडंथोडं सांगतो. एका रात्री एक आठवण, मग सगळे झोपायला जातात. आईचं जाणं तो पहिल्या रात्री सांगत नाही. इतक्या रात्री तिच्याबरोबर काढल्यावर मग त्याला तिथे पोचता येतं. माझ्याकडे येणारी माणसं बहुतेकदा उलटं करू पाहतात, पहिल्याच तासाला थेट मरणापाशी, आणि मग बोलायला उरत नाही. तुम्ही दोघं श्यामसारखंच करा. एका रात्री पुस्तकातली एक गोष्ट आणि तिच्यानंतर तुमच्या आईची एक. पोहण्याची रात्र पुन्हा वाचा, तिथून सुरुवात बरी जमेल. पटलं नाही तिथे थांबून वाद घाला. ‘हे मला नाही आवडलं’ असं म्हणायची सोय या पुस्तकाच्या बाबतीत मराठी मुलांना कधी मिळालेली नाही, तुमच्या मुलाला ती द्या. कुठे राग आला तर पुस्तक मिटा, फेकू नका. बांधणी जुनी असेल तर पानं सुटतात.

एक सावधगिरी. तो मुलगा आज ना उद्या गूगलवर साने गुरुजींचं नाव टाकेल आणि त्यांनी ११ जून १९५० ला स्वतःचं आयुष्य संपवलं हे त्याला कळेल. ते तुमच्याकडून कळलेलं बरं. कारण विचारेल. एवढ्या मोठ्या माणसाच्या आयुष्याचं कारण एका वाक्यात सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस, असं सांगा. मनात तसे विचार आले तर माणसाशी बोलायचं असतं, कुणाशीही, रात्री दोनलासुद्धा, हेही त्याच वेळी सांगून ठेवा.

पत्रावरून मी कुणाचं निदान करत नाही आणि तुमचं तर करायची गरजही दिसत नाही. तुम्ही कामावर जाताय, मुलाला वाचून दाखवताय, रागावताय, विचारताय. ‘लांबलेला शोक’ असा आजार आता जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत आहे, पण त्यात ओढ आणि वेदना रोजच्या रोज, महिनोन्महिने असते आणि जगणं अडून बसतं. हे सगळं उपसताना पुढच्या काही आठवड्यांत झोप उडाली, जेवण जाईना, कामात लक्ष लागेना, जगणं नको वाटू लागलं, तर मात्र थांबू नका. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे आणि दिवसरात्र चालू असतो.

शेवटी तो फोटो. तुम्ही पत्रात त्या खांद्याचा उल्लेख केलात, प्रश्नात त्याची गरज नसताना. बेसण्याच्या जाहिरातीसाठी घाईघाईनं फोटो शोधतात तेव्हा बाईचा एकटीचा फोटो घरात बहुधा सापडत नाही, म्हणून कुठल्यातरी लग्नातला, सत्यनारायणातला कापून घेतात. म्हणजे तो पूर्ण फोटो कुठेतरी असेल. बाबांच्या गोदरेजच्या कपाटात, एखाद्या बँकेच्या जुन्या डायरीत, मावशीच्या अल्बममध्ये. बाबांना पहिला प्रश्न परीक्षेच्या दिवसांबद्दल विचारायचं धाडस होणार नसेल तर हा विचारा, आणि मुलाला शेजारी बसवूनच विचारा: बाबा, तो खांदा कुणाचा?